आगाखान की युनेस्को : आपल्या सार्वजनिक वास्तूसाठी कोणता पुरस्कार?

नगरपालिकेचे वाचनालय, एखाद्या संस्थेचे रुग्णालय किंवा जुनी मंडई यांचे काम पुरे झाले की विश्वस्तांपुढे प्रश्न येतो, की प्रस्तावाची मेहनत कोणत्या पुरस्कारासाठी घ्यावी. अशा वेळी आगाखान वास्तुकला पुरस्कार आणि युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा संवर्धन पुरस्कार ही दोन नावे हमखास निघतात, पण त्यांची कसोटी एक नाही.

जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार केला असेल तर युनेस्कोची वाट सरळ आहे. २००० साली सुरू झालेल्या या पुरस्कारासाठी मूळ वास्तू पन्नास वर्षांहून जुनी असावी लागते आणि काम पूर्ण झाल्यावर ती किमान एक वर्ष वापरात असावी लागते. रोख रक्कम मिळत नाही. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्ये आणि भायखळा रेल्वे स्थानकाला २०२२ मध्ये हा सन्मान मिळाला. यांपैकी स्थानकाचा गौरव मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे रोज लोकल पकडणारा माणूस तिकीट न काढता, मुद्दाम वाट वाकडी न करता तो वारसा वापरतो.

आगाखान पुरस्कार १९७७ मध्ये स्थापन झाला. तो तीन वर्षांतून एकदा दिला जातो आणि त्याचा निधी दहा लाख डॉलरचा आहे. मुस्लिम समाजाची लक्षणीय वस्ती असलेल्या ठिकाणच्या कामांचा त्यात विचार होतो, आणि या अटीमुळे आपल्याकडचे अनेक जण वाचण्याआधीच तो बाजूला ठेवतात. ते चूक आहे. १९९८ मध्ये भोपाळच्या विधान भवनाबरोबरच जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याच्या कुष्ठरोग रुग्णालयालाही तो मिळाला होता. खानदेशातल्या उन्हात दोन नॉर्वेजियन वास्तुविशारदांनी तिथे दगडी भिंती उभारल्या आणि वरच्या कमानदार छतांवर पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवले, जेणेकरून ऊन परतवले जाऊन रुग्णांच्या खोल्या कमी तापाव्यात.

माझ्या मते खरा फरक परीक्षणाच्या पद्धतीत आहे. आगाखानसाठी अंतिम निवडीआधी तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर जाऊन इमारत कशी वापरली जाते ते पाहतात, आणि बक्षिसात वास्तुविशारदासोबत कारागीर, अभियंते व काम करवून घेणारी संस्था यांनाही वाटा मिळू शकतो. त्यामुळे इमारत नवी असेल आणि तिने वस्तीचे रोजचे जगणे बदलले असेल, तर तीन वर्षांची वाट पाहण्यात अर्थ आहे. युनेस्कोचा भर मात्र प्रस्तावावर असतो. त्यात कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे आणि नकाशे जोडावे लागतात, आणि पूर्वीची छायाचित्रे मागाहून तयार करता येत नाहीत. म्हणून ज्यांचे जीर्णोद्धाराचे काम अजून सुरू व्हायचे आहे, त्यांनी परांची बांधण्याआधीच प्रत्येक भिंत, तुळई आणि तडा यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत.