नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मनोबल कार्यशाळा, नागपूर : एका सिस्टर ट्यूटरचा अभिप्राय

मेडिकल चौक परिसरातील एका समुपदेशन केंद्राने नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गासह उपस्थित होते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांतून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी पुस्तके, होस्टेल आणि वॉर्ड या तिन्हींशी एकाच वेळी जुळवून घ्यावे लागते, आणि डोळ्यांदेखत झालेला पहिला रुग्णमृत्यूही अनेकांच्या वाट्याला त्याच काळात येतो. अशा वेळी मन कशाच्या आधारावर सावरते, हा या कार्यशाळेचा विषय होता.

आरंभी मनोबल मोजणारी, कॉनर आणि डेव्हिडसन यांची २००३ मधील प्रश्नावली भरून घेण्यात आली. तिच्यात २५ विधाने असून प्रत्येकास ० ते ४ असे गुण असतात. हे गुण कोणाचेही जाहीर केले नाहीत, ही गोष्ट मला विशेष भावली.

कार्यशाळेचा उत्तम भाग स्वक्षमतेवरील विश्वासाचा होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला, ‘हे मला जमेल’ या विश्वासाचा हा विचार फळ्यावर न शिकवता हातांनी शिकवला गेला. कृत्रिम हातावर इंट्राकॅथ (सलाईन-औषधासाठी शिरेत घालायची बारीक नळी) लावण्याचा सराव सोप्याकडून अवघडाकडे नेला, बरोबरीच्या मुलीला जमताना इतरांनी पाहिले, चुकलेल्याला नेमके काय सुधारायचे ते शांतपणे सांगितले आणि हात थरथरला म्हणून कोणी नालायक ठरत नाही, हेही समजावले. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुले दुपारपर्यंत आपणहून पुढे येऊ लागली होती. त्यानंतरचे ध्यानाचे सत्र मात्र लांबले.

उणीव एकच, पण मोठी आहे. विद्यार्थ्याला मिळणारा आधार हा मनोबलाचा महत्त्वाचा घटक असूनही त्याला शेवटचा थोडा वेळच मिळाला. नाईट ड्यूटीत सर्वांदेखत अपमान सोसणाऱ्या मुलीला केवळ सहनशक्ती वाढवायला सांगणे मला अन्यायाचे वाटते. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर आणि होस्टेलच्या वॉर्डन यांच्यासाठीही केंद्राने स्वतंत्र सत्र ठेवावे.

निरोप घेताना प्रत्येकाला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून देण्यात आला. ही सरकारी सेवा विनामूल्य असून तेथे चोवीस तास आणि मराठीतूनही बोलता येते. पहिल्या वर्षाच्या वर्गाला वॉर्ड पोस्टिंग सुरू होण्यापूर्वी या कार्यशाळेला अवश्य न्यावे.