झोटेरो: शिकवणारीच्या नजरेतून

आधी निकाल सांगते. मुलांना ऑनलाइन संदर्भ द्यायला शिकवायचं असेल तर झोटेरो हे संदर्भ जमवून त्यांची सूची बनवणारं सॉफ्टवेअर जरूर वापरा, फक्त पहिल्या तासाला नको. दोन-चार नोंदी आधी हातानं करून घ्या, नाहीतर सॉफ्टवेअर देईल ते खरं, असा त्यांचा समज होतो.

मी संशोधनपद्धती शिकवते. संदर्भसूची म्हणून माझ्यापुढे येतात त्या एकाखाली एक डकवलेल्या निळ्या लिंका. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशाचा पत्ता नाही. कुणीतरी ‘स्रोत: गुगल’ लिहून मोकळं झालेलं असतं.

झोटेरो 2006 साली जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास केंद्रातून आलं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. ब्राउझरमधलं बटण दाबलं की लेखक, शीर्षक, संकेतस्थळ, लिंक, पान पाहिल्याची तारीख असं जे सापडेल ते भरलं जातं, शिवाय पानाची प्रत आपल्या संगणकावर उतरते. उद्या ते पान गायब झालं तरी आपल्याकडे पुरावा राहतो. वाचकाला मात्र ती प्रत दिसत नाही, म्हणून वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर पान साठवून तीही लिंक नोंदीत टाकायला मी लावते.

डीओआय, म्हणजे शोधलेखाचा कायमचा ओळखक्रमांक, टाकला की शोधलेखाची नोंद बहुतेक वेळा पूर्ण येते, कारण प्रकाशकानं ती माहिती क्रमांकासोबत आधीच नोंदवलेली असते. साध्या वेबपानाचं तसं नाही. पानाच्या कोडमध्ये लेखकाचं नाव नसेल तर रकाना रिकामा राहतो. मला हे रिकामे रकानेच आवडतात. खरं शिकवणं तिथून सुरू होतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं पान घ्या. लेखक कोण? मुलं संस्थेचं इंग्रजी नाव आडनाव-नावाच्या दोन रकान्यांत विभागून टाकतात आणि एपीए या संदर्भ लिहायच्या प्रचलित शैलीत छापून येतं ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’! वर्ग हसतो. मग नावाशेजारचं छोटं बटण दाबून दोन रकान्यांचा एक करायचा, की नाव अखंड राहतं. तारखेचंही असंच. पानाच्या तळाशी कॉपीराइटचं साल दिसलं की तेच प्रकाशनाचं साल म्हणून ठोकून देतात. ते साल अख्ख्या संकेतस्थळाचं असतं, लेखाचं नव्हे. लेखाची तारीख सापडलीच नाही तर एपीएत ‘एन.डी.’ (नो डेट, तारीख नाही) लिहायची सोय आहे, अंदाज बांधायची नाही. पान पाहिल्याची तारीख झोटेरो टिपून ठेवतं, पण एपीए ती सरसकट मागत नाही, मजकूर सतत बदलणारा असेल तरच मागते. ठेवायची की काढायची, हे मुलांनीच ठरवायचं.

शैली बदलणं एका क्लिकचं काम. गाईडचं मन ऐनवेळी बदललं तरी (बदलतंच!) रात्र जागवावी लागत नाही.

छापून झाल्यावर नियतकालिकानं मागे घेतलेला शोधनिबंध संग्रहात असेल तर 2019 पासून झोटेरो लाल पट्टी दाखवून सावध करतं, हे मला फार मोलाचं वाटतं. हल्ली मुलं चॅटबॉटकडून संदर्भ मागून आणतात. त्यातले डीओआय इथे टाकायला लावा. काही सापडतच नाहीत, काही भलत्याच लेखावर जातात आणि चेहरे बघण्यासारखे होतात.

फुकटातली 300 एमबी साठवण पीडीएफांनी लवकर भरते. फाइलींचं सिंक (आपोआप ऑनलाइन साठवणं) बंद ठेवा, नोंदींच्या सिंकला ती मर्यादा नाही.

एकच निबंध लिहायचा असेल तर झोटेरोवाल्यांचंच, ब्राउझरमध्ये चालणारं झोटेरोबिब पुरे, खातंसुद्धा काढावं लागत नाही. प्रबंधवाल्यांनी मात्र पहिल्याच महिन्यात झोटेरो बसवून घ्यावं. सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात लिंकांचा ढीग घेऊन माझ्या दाराशी उभं राहू नये.