लिनिएज की ग्राफीन? मुंबईत रोज वापरायच्या फोनसाठी

फोनसोबत आलेली अँड्रॉइड काढून दुसरी चढवायची, एवढं एकदा ठरलं की पर्याय भराभर गळत जातात. कॅलिक्सओएसचं काम २०२५च्या ऑगस्टमध्ये थांबलं. ई-ओएस चांगली आहे, पण ती बरीचशी लिनिएजच्याच पायावर उभी आहे. म्हणजे खरी निवड लिनिएजओएस आणि ग्राफीनओएस यांच्यातच. दोन्ही मी रोजच्या फोनवर वापरल्या आहेत, त्यातली एक आजही खिशात आहे. कोणती, ते पुढे कळेलच. बूटलोडर म्हणजे फोन सुरू करणारा आणि कोणती सिस्टिम चालू द्यायची ते ठरवणारा भाग, रॉम म्हणजे चढवायची सिस्टिम, फ्लॅश करणं म्हणजे ती चढवणं. एवढं माहीत आहे असं धरून चालतो.

लिनिएजची बाजू आधी, कारण ती भक्कम आहे. २०१६च्या अखेरीस सायनोजेनमॉड हे अशाच सिस्टिमचं जुनं काम बंद पडलं, तेव्हा त्याच मंडळींनी हे काम पुढे नेलं. तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती गरिबाघरीही नांदते. वनप्लस, मोटोरोला, शाओमी, कितीतरी जुने फोन यादीत सापडतात. कंपनीने ‘आता अपडेट नाही’ म्हणून सोडून दिलेला, कपाटात पडलेला फोन नव्या अँड्रॉइडवर चालायला लागतो आणि खर्च शून्य. आपल्याकडे फोन बदलायचा म्हणजे घरात आधी चर्चा होते, तिथे हा मुद्दा लहान नाही. फक्त यादीत नाव आहे म्हणून हुरळून जाऊ नका. शाओमीत बूटलोडर उघडायला अर्ज करून थांबावं लागतं, सॅमसंगमध्ये तो उघडला की नॉक्सचा, म्हणजे तिच्या सुरक्षा यंत्रणेचा, फ्यूज कायमचा उडतो, आणि विवोच्या वाटेला जाऊच नये.

हवं तसं वळवून घेण्यात तर लिनिएजचा हात कोणी धरणार नाही. घड्याळ डावीकडे की मधे, बॅटरीचं चिन्ह कसं, पॉवरचं बटण दाबून धरलं की टॉर्च लागावा का, नेटचा वेग वरच्या पट्टीत दिसावा का, सगळं तुमच्या मर्जीवर. यातली एक सोय मला आजही आठवते. पडदा बंद असताना आवाजाचं बटण दाबून धरलं की पुढचं गाणं लागतं. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये एक हात वरच्या कडीला आणि दुसरा कोणाच्या तरी बॅगेखाली अडकलेला असतो, तेव्हा खिशात फोन न बघता गाणं बदलता येणं म्हणजे काय, हे फक्त त्या डब्यात उभं राहिलेल्यालाच कळेल. ग्राफीनमध्ये ही सोय नाही.

खासगीपणाच्या बाबतीतही लिनिएज वाईट नाही. गूगलचं काही टाकलंच नाही तर फोन बराच गप्प असतो. ॲपवार नेट बंद करायची सोय तिच्यातही आहे. पण गूगलच्या सेवा लागणार असतील, आणि बहुतेकांना लागतातच, तर त्या थेट सिस्टिममध्ये बसवाव्या लागतात, सगळे अधिकार देऊन. मायक्रोजी, म्हणजे गूगलच्या सेवांची जागा घेणारा मुक्त पर्याय, हा मधला मार्ग आहे. तो पुष्कळांना पुरतो, काही ॲपना पुरत नाही.

ग्राफीन पहिल्या नजरेत निराश करते. पांढऱ्या-काळ्या रंगाचा, अगदी कोरा पडदा. २०१४ साली सुरू झालेलं आणि आधी कॉपरहेडओएस म्हणून ओळखलं जाणारं हे काम, वाद होऊन २०१९पासून या नावाने चालतं. ती फक्त पिक्सेलवर चालते. गूगलपासून सुटायला गूगलचाच फोन विकत घ्यायचा, यावर ओळखीचे सगळे एकदा तरी हसून घेतात. हसू द्यावं. कारण साधं आहे: पिक्सेलमध्ये दुसरी सिस्टिम चढवल्यावर तिच्या स्वतःच्या सहीनिशी बूटलोडर पुन्हा बंद करता येतो. कुलूपबंद बूटलोडर आणि आतला सुरक्षा चिप या दोन्हींवर ग्राफीनची सगळी इमारत उभी आहे. लिनिएजमध्ये बहुतेक फोनांवर बूटलोडर उघडाच राहतो, त्यामुळे फोन चालू होताना सिस्टिममध्ये कोणी हात घातलाय का, याची खातरजमा होत नाही.

दिसण्यातल्या बदलांचं म्हणाल, तर ग्राफीनमध्ये फारसे नाहीत. लाँचर, म्हणजे मुख्य पडदा दाखवणारं ॲप, तुमच्या आवडीचा टाका, तेवढंच. पण वळवायचं ते ॲपच्या वागण्याला, अशी तिची समजूत आहे, आणि मला ती हळूहळू पटत गेली. आमच्या सोसायटीचं गेटवरचं ॲप घ्या. पाहुणा आला की वॉचमन त्यातून विचारतो, सोडू का. एवढ्या कामासाठी त्याला कॉन्टॅक्ट हवेत, फोटो हवेत. नाही म्हटलं की पुढेच सरकत नाही. ग्राफीनमध्ये ‘कॉन्टॅक्ट स्कोप’ लावला की ॲपला वाटतं परवानगी मिळाली, प्रत्यक्षात त्याला दिसते रिकामी यादी. फोटोंसाठी ‘स्टोरेज स्कोप’ आहे, तुम्ही निवडलेलीच फाइल त्याला दिसते. सेन्सर बंद करता येतात. नेट ही कॅमेऱ्यासारखीच एक परवानगी आहे, ती बसवतानाच नाकारता येते. मराठी टायपिंगसाठी गूगलचाच कीबोर्ड हवा असेल तर तो टाकून त्याचं नेट कापता येतं. मात्र गूगल प्ले सेवा त्याच प्रोफाइलमध्ये (फोनमधल्या त्याच वापरकर्ता-खात्यात) असतील तर दोघं आपापसात बोलू शकतात, हे ध्यानात ठेवा. मी इंडिक कीबोर्ड वापरतो. सूचना थोड्या कमी अचूक येतात, पण जोडाक्षरांत अडत नाही.

आणि गूगल प्ले? ग्राफीनमध्ये तेही एक साधं ॲप म्हणून बसतं, कुठलेही खास अधिकार न देता. नको असेल तेव्हा काढून टाकता येतं. वेगळ्या प्रोफाइलमध्ये कोंडता येतं. माझ्याकडे ते त्या दुसऱ्या प्रोफाइलमध्येच असतं आणि काम झालं की सत्र बंद.

आता ज्या एका कटकटीने माझ्यापुरता निकाल लागला, ती सांगतो. बँकेचं ॲप.

मुंबईत यूपीआय नसेल तर दिवस पुढे जात नाही असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण फार नाही. वडापाववाला, शेअर रिक्षा, भाजीवाली, इस्त्रीवाला, सगळीकडे तो चौकोन चिकटवलेला. लिनिएजवर असताना माझ्या बँकेचं ॲप एके दिवशी ठीक चाले आणि दुसऱ्या दिवशी ‘तुमचे उपकरण सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेई. काउंटरवर सामान बांधलेलं, मागे रांग, आणि हातात हा संदेश. बँकेचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण अनेक बँकांचं तंत्र तेच आहे. ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी यंत्रणेला विचारतं, हा फोन प्रमाणित आहे का. बूटलोडर उघडा, सिस्टिम अप्रमाणित, म्हणून उत्तर नकारार्थी.

यावर उपाय आहे, आणि घोळ त्या उपायातच आहे. मॅजिस्क या साधनाने फोन रूट करायचा, म्हणजे सिस्टिमचा मूळ अधिकार मिळवायचा, बँकेपासून रूट लपवणारं मॉड्यूल टाकायचं, मग कुठल्या तरी प्रमाणित फोनची ओळख आपल्या फोनच्या नावावर खपवणारं दुसरं मॉड्यूल. गूगलने ती ओळख बाद केली की नवी शोधायची. पुढच्या पातळीची तपासणी आली की फुटलेल्या कीबॉक्सच्या, म्हणजे प्रमाणित फोनच्या बाहेर आलेल्या गुप्त किल्ल्यांच्या, शोधात टेलिग्रामवर हिंडायचं, आणि तोही काही दिवसांत रद्द होतो. हे सगळं मला जमत नव्हतं असं नाही. एका संध्याकाळी मात्र मी बसून विचार केला की आपण नेमकं काय करतोय. कंपन्यांवर विश्वास नको म्हणून इतका खटाटोप केला, आणि बँकेला खूश करायला ज्याचं खरं नावही ठाऊक नाही अशा माणसाच्या कोडला फोनचा मूळ अधिकार देऊन बसलो. दाराला तीन कुलपं लावायची आणि जुडगा गल्लीतल्या अनोळखी पोराकडे सांभाळायला द्यायचा, त्यातला प्रकार.

ग्राफीनवर हा प्रश्न पूर्ण सुटतो असं मी म्हणणार नाही. गूगल तिलाही प्रमाणित मानत नाही. प्ले इंटिग्रिटीची मूळ पातळी ती पार करते, त्यापुढची नाही. म्हणजे ज्या बँका ती वरची पातळी मागतात त्यांची ॲप तिच्यावरही चालत नाहीत. पण पुष्कळ ॲप फक्त रूट आहे का, बूटलोडर उघडा आहे का, एवढंच बघतात. ग्राफीनमध्ये रूट नाही, बूटलोडर बंद आहे, मग लपवायचंच काही उरत नाही. माझी यूपीआय त्यावर चालते, आज चालली तर उद्याही चालेल अशी शाश्वती वाटते. एखादं ॲप उघडताच बंद पडलं तर त्या ॲपच्या सेटिंगमध्ये सुसंगततेचं एक बटण आहे, ते चालू केलं की बहुधा मार्गी लागतं. तुमच्या बँकेचं काय, हे फोन घेण्याआधी वापरकर्त्यांनी देशवार ठेवलेल्या बँक-ॲपच्या यादीत पाहून घ्या. तिथे भारतातल्या बँकाही आहेत.

गंमत अशी की तीच बँक लॅपटॉपवर ब्राउझरमधून उघडली तर ती काहीच विचारत नाही. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे, तिथे पैसे पाठवताना आजवर कोणी ओळखपत्र मागितलेलं नाही. फोनवरही ॲप अडलंच तर बँकेची वेबसाइट हा मार्ग उरतोच. फक्त रिक्षावाल्यासमोर तो चालत नाही.

बाकी काही गोष्टी थोडक्यात. नकाशासाठी दोन्हींवर ऑर्गेनिक मॅप्स झकास चालतो, मुंबईच्या गल्ल्या ओपनस्ट्रीटमॅपवर चांगल्या भरलेल्या आहेत. पण बस किती मिनिटांत येणार, रस्त्यावर गर्दी किती, हे त्यात मिळत नाही. गूगलशिवायच्या लिनिएजवर ठिकाण फक्त उपग्रहावरून ठरतं. उंच टॉवरांच्या मधे किंवा स्टेशनच्या पुलाखाली त्याला वेळ लागतो. ग्राफीनमध्ये आता वायफायवरून ठिकाण काढायची स्वतःची सोय आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. फोन चोरीला जाण्याची भीती असणाऱ्यांसाठी, म्हणजे लोकलने जाणाऱ्या सगळ्यांसाठी, ग्राफीनमध्ये आणखी एक चांगली गोष्ट आहे. फोन अठरा तास उघडला गेला नाही तर तो आपोआप रीस्टार्ट होतो आणि आतला डेटा पुन्हा पूर्ण बंद होतो. हा वेळ कमी करता येतो, माझा बराच कमी आहे.

जुन्या फोनवरच्या लिनिएजबद्दल एक सावधगिरी. अँड्रॉइडचे सुरक्षा-पॅच येत राहतात, पण मॉडेम आणि चिपसेटचे भाग कंपनीकडूनच यावे लागतात. कंपनीने हात काढला की ते थांबले. लिनिएज हे लपवत नाही. सेटिंगमधल्या ‘ट्रस्ट’च्या पानावर कंपनीच्या पॅचची तारीख वेगळी दाखवते, ती अधूनमधून बघावी.

मग लिनिएज कोणी घ्यावी? ज्याच्याकडे यादीतला फोन पडून आहे, ज्याची बँकेची कामं दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर होतात, ज्याला रंग-बटणांशी खेळायला आवडतं. किंवा ज्याला गाणी, पुस्तकं, नकाशे एवढ्यासाठीच दुसरा फोन हवा आहे. माझा जुना फोन तसाच लिनिएजवर आहे, घरी अँटेनापॉडवर पॉडकास्ट ऐकायला वापरतो, तक्रार काहीच नाही. ज्याच्याकडे एकच फोन आहे आणि त्याच्यावरच पगार येतो, हप्ते जातात, त्याने मात्र पैसे जमवून पिक्सेल घ्यावा असं माझं नम्र मत. घरच्या वडीलधाऱ्यांच्या फोनला तर यातलं काहीच लावू नये. त्यांच्या फोनवर जाहिरात-आयडी काढून टाकणं, खासगी डीएनएस (वेबसाइटचे पत्ते शोधणारी सेवा) लावणं आणि नको ती ॲप बंद करणं पुरे.

पिक्सेल नवाच हवा असं नाही. ‘ए’ मालिकेतला चालतो. ७एला मे २०२८पर्यंत, ८एला मे २०३१पर्यंत गूगलचे पॅच मिळायचे आहेत, त्या हिशोबानेच किंमत ठरवा. सेकंडहँड घेणार असाल तर एक गोष्ट कसोशीने बघा. अमेरिकेतल्या व्हेरायझन या मोबाइल कंपनीचे फोन इथे फिरत असतात. ते दिसायला सारखेच असतात, पण त्यांचा बूटलोडर उघडत नाही. त्यामुळे दुकानातच फोन वायफायला जोडा, बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारून डेव्हलपर पर्याय उघडा आणि ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण सरकतं का बघा. करडं पडलेलं असेल तर दुकानदार कितीही म्हणाला, ‘साहेब, अपडेट केलं की होतं,’ तरी पैसे खिशातच ठेवा. सरकलं तर घरी येऊन क्रोमियमवर चालणारा (क्रोम किंवा एजसारखा) ब्राउझर, एक चांगली केबल आणि थोडा निवांत वेळ एवढ्यावर ग्राफीन चढते. पुढची प्रत्येक पायरी तिच्या वेबसाइटवरचा इन्स्टॉलरच सांगतो. शेवटी बूटलोडर पुन्हा बंद करायची पायरी येते, ती गाळू नका.