स्लॉट गेलाय म्हणून 2,600 रुपये घेतले, स्लॉट होता तसाच

गळ्यात जीपीएस अडकवून डोंगरात हिंडणारे आता कमीच उरलेत. मोबाईलवर भागतं म्हणतात. पण माझं ईट्रेक्स 30 हे हातात मावणारं जीपीएस यंत्र दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालतं आणि ओल्या हातांनी वापरता येतं, म्हणून मी ते सोडलं नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याच यंत्रापायी मी दोनदा गंडलो. एकदा घरबसल्या, एकदा दुकानात.

आधी घरबसल्याचं. ऑनलाइन एक 32 जीबीचं मायक्रोएसडी कार्ड 249 रुपयांना मिळालं. पाकीट चकचकीत, छपाई नामांकित कंपनीसारखी. जुन्या ट्रेकचे 11 जीबी फोटो त्यावर टाकले (मूळ फोटो घरच्या हार्डडिस्कवर होते, नशीब) आणि त्यावर सह्याद्रीचा नकाशा चढवला. कार्ड यंत्रात घालून बटण दाबलं, तर नकाशा लोड होता होता पडदा तिथेच थिजला. सेल काढून घातले, पुन्हा तेच. कार्ड काढलं की यंत्र सुरळीत, उपग्रह पकडतंय, आतला साधा नकाशा दाखवतंय.

तेच कार्ड कॉम्प्युटरला लावलं. 32 जीबी दिसतंय, फाइलींची यादी दिसतेय. म्हणजे कार्ड ठीक, यंत्रातली कार्ड बसवायची खाच, म्हणजे स्लॉट, बिघडला, असा मी निकाल लावून मोकळा झालो. खरं तर जुन्या मोबाईलमध्ये 4 जीबीचं कार्ड पडून होतं. ते एकदा घालून बघायला अर्धा मिनिट पुरलं असतं. पण पुढच्या शनिवारी नाणेघाट-जीवधन ठरलेला, घाई झालेली. घाईत असलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला लांबूनच ओळखू येत असावं.

पुण्याच्या मध्यवस्तीतलं मोबाईल आणि कॅमेरा दुरुस्तीचं दुकान. काउंटरवरच्या पोराने यंत्र उलटंपालटं केलं, सेलचं झाकण उघडलं, भिंगातून आत डोकावला. "काका, स्लॉट गेलाय. बोर्डवरून काढून नवा बसवावा लागेल. पार्ट मुंबईहून येतो." 2,600 रुपये, पैकी हजार आगाऊ. हजार मी यूपीआयने दिले. कार्डही देऊ लागलो, तर म्हणाला, "कार्ड तुमच्याकडेच ठेवा काका, डेटा गेला तर आमच्या नावाने नको." किती प्रामाणिक पोरगा, असं वाटलं मला त्या क्षणी!

चार दिवसांनी गेलो. त्याने स्वतःचं एक छोटं कार्ड घालून यंत्र चालू करून दाखवलं. चाललं. उरलेले 1,600 रोख मागितले. बिल हवं असेल तर 18 टक्के जीएसटी वेगळा पडेल म्हणाला, म्हणून बिल नको म्हटलं. काढलेला जुना स्लॉट मागितला, तर "तो कचऱ्यात गेला."

घरी येऊन माझं कार्ड घातलं. पडदा तिथेच थिजला. दुकानात फोन केला, तर उत्तर तयारच होतं. "मग तुमचं कार्ड खराब असणार. आमच्याकडचं घ्या, 900ला देतो." कार्ड खराब हे त्याचं पहिलं खरं बोलणं, पण ते 2,600 घेतल्यानंतरचं.

रविवारी भाचा आला. त्याने कार्डावर एच2टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम चालवला. हा प्रोग्राम कार्ड शेवटपर्यंत भरतो आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. तास-दीड तासाने निकाल आला. 7.4 जीबी खरे, बाकी सगळी हवा. 8 जीबीच्या कार्डातल्या कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपला, 32 म्हणून सांगायला शिकवलेलं असतं. यादी कार्डाच्या सुरुवातीला असते म्हणून फाइली दिसतात, पण आठच्या पुढे लिहिलेलं कुठेच साठत नाही. माझा नकाशा नेमका 11 जीबी फोटोंच्या मागे, त्या पोकळीत पडला होता. अर्धवट नकाशा वाचताना यंत्र अडकणारच.

भाच्याने आणखी एक दाखवलं. कार्ड घातलेलं यंत्र केबलने कॉम्प्युटरला जोडलं की दोन ड्राइव्ह दिसतात, एक आतल्या मेमरीचा, एक कार्डाचा. दुसरा दिसला आणि त्यातली फाइल उघडली, तर स्लॉटच्या पिना जिवंत आहेत. मामा, हे आधी का नाही केलंस, असं तो तोंडाने म्हणाला नाही, एवढंच.

तरी मला वाटत होतं, पोराचं निदान चुकलं असेल, स्लॉट तर बदलला ना? मग सेल बदलताना नजर गेली. ईट्रेक्समध्ये स्लॉट सेलच्या खालीच असतो. पत्र्याची इवलीशी चौकट सरकवून उचलायची, कार्ड ठेवायचं, पुन्हा मिटायची. दोन वर्षांपूर्वी रतनगडावर थंडीने बोटं आखडलेली असताना ती चौकट मी चाकूच्या टोकाने उचकटली होती. तेव्हा पडलेला तिरका ओरखडा अजून तिथेच होता. शेजारी गळक्या सेलचा हिरवट डागही. मुंबईहून आलेल्या कोऱ्या पार्टवर माझ्या चाकूचा ओरखडा!

दुकानात जाऊन दाखवला. "काका, ओरखडा तर कसाही पडतो." मग मी यूपीआयची नोंद समोर धरली आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर त्याच्यादेखत लावायला घेतला. आतून मालक आला. हजार परत दिले, कारण त्याची नोंद होती. रोख 1,600 चा विषय काढला, तर मालक म्हणाला, "त्याचं काही लिहिलेलं आहे का तुमच्याकडे?" नव्हतं. कार्डवाल्याकडे परत करायची मुदत तर केव्हाच उलटून गेली होती.

पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. काम केल्यासारखं दाखवायला त्यांनी यंत्राच्या कडेची रबरी पट्टी उचकटून परत फेविक्विकने चिकटवली होती. हे यंत्र आयपीएक्स7, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकायला हवं. जुलैत जीवधनच्या पायऱ्यांवर साध्या भुरभुरीत त्याच्या काचेच्या आतून वाफ धरली. आता ते दुधाच्या पिशवीत घालून, वर रबरबँड लावून नेतो. आत कार्ड आहे ते जुन्या मोबाईलमधलं, 4 जीबीचं.