राय्झन, आय-फाइव्ह की मॅकबुक एअर? भाचीच्या लॅपटॉपच्या निमित्ताने

भाचीचं मेकॅनिकलला ॲडमिशन झालं आणि घरात लॅपटॉपचा विषय निघाला. नाशिकच्या एमजी रोडला दोन-तीन दुकानं फिरलो तर सगळीकडे एकच पालुपद, "काका आय-फाइव्ह आहे, डोळे झाकून घ्या". अहो पण आय-फाइव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव, नुसत्या त्याला काही अर्थ नसतो, पुढचा पूर्ण नंबर आणि शेवटचं अक्षर बघायचं असतं. यू असेल तर बॅटरी पुरवून वापरणारा, एच असेल तर जोर लावणारा.

शेवटी तीन उरले.

पहिला राय्झन ५ ७५३०यू, एएमडी कंपनीचा प्रोसेसर. ६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), १५ वॅटचा, त्यामुळे गरम कमी होतो आणि बॅटरी बऱ्यापैकी टिकते. पण याच्या शेजारीच ७५२०यू वाला थोडा स्वस्तात ठेवलेला असतो, तिथे सांभाळा! दहाचाच तर फरक आहे असं वाटतं, पण तिसरा आकडा बघा, तो कोअरची पिढी सांगतो. झेन हे एएमडीच्या कोअरच्या डिझाइनचं नाव. २ म्हणजे झेन २, २०१९ चं डिझाइन आणि कोअर फक्त ४. ३ म्हणजे झेन ३, २०२० चं. पहिला ७ बघून नवाकोरा वाटतो खरा, पण त्या सातावरून आतल्या कोअरचं वय कळत नाही.

दुसरा आय५-१३४२०एच. यात ४ मोठे कोअर आणि ४ छोटे, म्हणजे जड काम मोठ्यांकडे आणि किरकोळ काम छोट्यांकडे, इंटेलने लॅपटॉप-डेस्कटॉपला हा प्रकार १२व्या पिढीपासून सर्रास आणला. ४५ वॅटचा आहे, फॅन आवाज करणार, चार्जर विटेएवढा, आणि लाईट गेली की जीव टांगणीला. पण सॉलिडवर्क्समध्ये (मेकॅनिकलवाल्यांचं थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) पार्ट रीबिल्ड होताना, म्हणजे बदल केल्यावर आकृती पुन्हा बनताना, बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, सहा असोत की सोळा, बाकीचे बघत बसतात. म्हणून एकटा कोअर किती पळतो ते महत्त्वाचं, आणि तिथे हा ७५३०यू च्या पुढे आहे. शिवाय एच वाल्यांत वेगळं ग्राफिक्स कार्डही मिळतं.

तिसरा मॅकबुक एअर. २०२० च्या एम१ या ॲपलच्या स्वतःच्या चिपपासून यात फॅनच नाही, तरी पळतो भारी आणि बॅटरी दिवसभर. कॉम्प्युटर ब्रँचला असती तर मी दुसरं काही बघितलंच नसतं. पण सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही आणि उद्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत इंटर्नशिप करायची तर ते लागणारच, म्हणून बाद. रॅमही नंतर वाढवता येत नाही. २०२४ मध्ये आलेले स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरवाले विंडोज लॅपटॉप पण बॅटरीला छान आहेत, पण कॅडवाल्याने (कॉम्प्युटरवर डिझाइन करणाऱ्याने) त्यांच्या नादी लागू नये.

दुकानात जायच्या आधी प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या पासमार्कच्या साइटवर दोन प्रोसेसरचे नंबर शेजारी टाकून सिंगल थ्रेडचा, म्हणजे एकट्या कोअरच्या वेगाचा, आकडा बघा. मग नोटबुकचेक या लॅपटॉप तपासणाऱ्या साइटवर तोच लॅपटॉप शोधा, कारण तोच प्रोसेसर एका बॉडीत पळतो आणि दुसरीत तापून ढेपाळतो, हे फक्त तिथे कळतं. गीकबेंच या वेग मोजायच्या दुसऱ्या साइटवर लोक स्वतःच रिझल्ट टाकतात, तेव्हा एकावर विश्वास ठेवू नका, दहा-पंधरा बघा.

आणि निव्वळ मजेसाठी व्हिज्युअल ६५०२ ही साइट. ६५०२ ही १९७५ ची चिप, साधारण ३५०० ट्रान्झिस्टर, ब्राउझरमध्ये चालू केली की आतल्या वायरी रंग बदलताना दिसतात. एम१ मध्ये १६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत हे सांगितल्यावर भाची तासभर त्यातच अडकली, चहा गार. पोरगं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत असेल तर कंपायलर एक्सप्लोरर ही साइट पण दाखवा, डावीकडे कोड लिहिला की उजवीकडे असेम्ब्ली (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना) दिसते, आणि इंटेल-राय्झनसाठी वेगळी अन् एआरएमसाठी (एम१-स्नॅपड्रॅगनच्या प्रकारच्या चिपसाठी) वेगळी.

आमचं १३४२०एच वर ठरलंय, १६ जीबी रॅमवाला मिळाला तर. नाहीतर ८ जीबी घेऊ, पण रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे का ते बिल करायच्या आधी विचारून.