कौटिल्य की क्लाउझेवित्स? युद्धातल्या माहितीवर आधी कोणाला वाचावं

संरक्षणशास्त्राच्या प्रबंधासाठी 'युद्ध आणि माहिती' हा विषय घेतलात, की गाडी बहुधा 'अर्थशास्त्र'वाला कौटिल्य आणि 'ऑन वॉर' लिहिणारा प्रशियाचा सेनाधिकारी क्लाउझेवित्स, या दोघांपाशी अडते. मी क्लाउझेवित्सपासून सुरुवात केली होती. वाया गेलं असं नाही म्हणणार.

त्याचं माहितीवरचं प्रकरण जेमतेम दोन पानांचं. लढाईत येणाऱ्या बातम्या बऱ्याचशा एकमेकींना छेद देणाऱ्या, त्याहून जास्त खोट्या, आणि भीतीमुळे खोट्याला अजून जोर चढतो. नेपोलियनच्या फौजांशी स्वतः लढलेला माणूस बोलतोय, पटतंच. मला खटकलं ते पुढचं. मग सेनापतीने करायचं काय? तर अनुभवावर भिस्त ठेवायची, खंबीर राहायचं. वैद्याने नाडी अचूक ओळखावी आणि औषध न देताच उठावं, तसं.

हे खटकणं मे २०२५ मध्ये अंगावर आलं. ऑपरेशन सिंदूरच्या त्या दिवसांत 'एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार' हा निरोप मला भावकीच्या, कॉलनीच्या आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर आला. तिन्हीकडून आला म्हणजे खराच, म्हणून भर उन्हात सात रस्त्याला रांगेत उभा! (सोलापूरचा मे महिना, वेगळं सांगायला नको.) निरोप खोटा असल्याचं पीआयबीने (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने) सांगितलं, तोवर चप्पल डांबराला चिकटली होती.

कौटिल्यही तीनच म्हणतो: तीन हेरांचं एकमत झालं तर विश्वास ठेवावा. पण हेरांना एकमेकांचा पत्ता नसावा, हेही तो बजावतो. माझे तीन ग्रुप म्हणजे तीन वेशांतला एकच हेर. शिवाय ज्याची बातमी वारंवार जुळत नाही त्याला काढून टाका, नाहीतर गुपचूप शिक्षा करा, इथवर त्याची तयारी.

हेर स्वतःच्याच प्रजेवर सोडणारा कौटिल्य आज पचायला जड जातो, हे मान्य. आणि तुकडे जोडणारं कोणी नसेल तर त्याचा नियमही लंगडा. कारगिलच्या आढावा समितीने यंत्रणांमधल्या समन्वयाच्या अभावावरच बोट ठेवलं होतं, २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली ती त्यानंतर. अमेरिकेने २०१७ मध्ये माहितीला थेट सातवं संयुक्त कार्य (सैन्यदलांनी मिळून पार पाडायच्या मूलभूत कामांपैकी एक) ठरवलं, पण ते दस्तऐवज नंतर वाचले तरी चालतील.

तुमचा कल मानसशास्त्राकडे असेल तर क्लाउझेवित्स घ्या, माझी हरकत नाही. नाहीतर मुंबई विद्यापीठाने छापलेली 'अर्थशास्त्रा'ची कंगल्यांनी संपादित केलेली प्रत मिळवा आणि पहिल्या अधिकरणाचा (भागाचा) अकरावा-बारावा अध्याय आधी उघडा.