‘रिसर्च प्रोग्राम’च्या नावाखाली ९३,०५० रुपये

किती गेले ते आधीच सांगतो, म्हणजे विचारायला नको. नोंदणी १८,५००, सीबीडी (गांजाच्या झाडातला, नशा न आणणारा घटक) तेलाच्या सहा बाटल्या ६४,८००, वर ‘कस्टम क्लिअरन्स’ ९,७५०.

दादाला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर. ऑपरेशन, रेडिएशन, टेमोझोलोमाइड (केमोचं औषध) सगळं होऊन गाठ परत आली आणि त्याच सुमारास या ‘रिसर्च कोऑर्डिनेटर’ बाईंचा फोन. मला भोळा म्हणण्याआधी ऐका : बाईंनी दिलेला आकडा खरा होता. २०२१ मध्ये छापून आलेल्या ब्रिटिश अभ्यासात औषध घेणारे ८३ टक्के पेशंट वर्षभर जगले, प्लासिबोवाले, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं घेणारे, ४४ टक्के. मी शोधलं, सापडलं, विश्वास बसला. बाईंनी गाळलं ते हे, की पेशंट सगळे मिळून २१, औषध म्हणजे तोंडात मारायचा स्प्रे, त्यात सीबीडीच्या जोडीला टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक), आणि तोही टेमोझोलोमाइडसोबत. नुसत्या सीबीडी तेलाचा त्यात संबंधच नाही.

खऱ्या ट्रायलमध्ये औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. सीटीआरआयचा (औषधांच्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी नंबर मागा, फोन आपोआप कट होतो.

मला जाळतं ते ९,७५०. पहिल्या दोन बाटल्या तेव्हा हातात होत्या. लेबलवर इथलाच आयुर्वेदिक परवाना. देशात भरलेल्या बाटलीला कस्टम कसलं? खाली बारीक अक्षरात ‘हेम्प सीड ऑइल’. हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं झाड, पण त्याच्या बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतंच. पण त्या रात्री दादाला फिट आली होती, लेबलं वाचत बसायची वेळ होती का ती? पिन टाकला आणि मोकळा झालो.

नंतर डॉक्टर म्हणाले, तेल नकली निघालं हेच नशीब. दादा फिटसाठी क्लोबाझाम घेतो. खऱ्या सीबीडीने रक्तात त्याचा असर वाढून गुंगी चढते. घरात काहीही आणा, डॉक्टरांपासून लपवू नका.

आता तक्रारीचं. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस म्हणतात, माल मिळाला ना, मग फसवणूक कुठे, ग्राहक मंचात जा. औषध खात्यात गेलो तर हे आयुर्वेदिक, आमच्याकडे येत नाही. आयुर्वेदवाल्यांकडे गेलो तर परवाना दुसऱ्या राज्याचा, तिकडे लिहा. तिकडे लिहिलं, अजून पोच नाही. एकालाही बाटली उघडून तपासावीशी वाटली नाही! पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी घरच्यांपासून लपवण्यात वेळ घालवला.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे वाक्य मी अर्जात घातलं होतं. साहेबांनी ‘भाषा जरा सौम्य करा’ म्हणून अर्ज परत दिला.